लोकगीतं जर्मनमध्ये नेली, पण त्या भाषेला समान जागा नाकारली : अनास्तासियुस ग्र्यूनचं काय करायचं?

अश्विनी_ग्राट्स

एखाद्या भाषेतली गाणी जमवून, जीव ओतून दुसऱ्या भाषेत नेणारा कवी पुढे त्याच भाषेच्या हक्कांना आडवा आला, तर त्याचे अनुवाद आपण कसे वाचायचे? मला याचं उत्तर मनापासून हवं आहे, म्हणून हा धागा.

माणूस आहे काउंट आंटोन आलेक्सांडर फॉन आउअर्सपेर्ग. जर्मन साहित्यात तो 'अनास्तासियुस ग्र्यून' या टोपणनावाने ओळखला जातो. जन्म ११ एप्रिल १८०६, आज स्लोव्हेनियाची राजधानी असलेल्या ल्युब्लियानात. तेव्हा शहराचं सरकारी नाव लायबाख, प्रांताचं नाव क्राइन आणि वर हाब्सबुर्ग बादशाही. घराणं जर्मन बोलणाऱ्या सरदारांचं, भोवतालची रयत स्लोव्हेन बोलणारी.

शिक्षणासाठी त्याला व्हिएन्नातल्या एका निवासी शाळेत ठेवलं. तिथे त्याला शिकवायला एक गरजू तरुण होता, शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः कायद्याचा विद्यार्थी. त्याचं नाव फ्रान्से प्रेशेरेन. हाच पुढे स्लोव्हेन भाषेतला सर्वांत मोठा कवी झाला. आज स्लोव्हेनियाचं राष्ट्रगीत म्हणजे त्याच्या एका कवितेचं सातवं कडवं, आणि त्याचा मृत्युदिन, ८ फेब्रुवारी, तिथे सार्वजनिक सुट्टी असते. सरदाराच्या मुलाला हा गुरू लाभला आणि दोघांची ओळख पुढेही टिकली. प्रेशेरेन १८४९ मध्ये गेला तेव्हा ग्र्यूनने त्याच्यावर श्रद्धांजलीची कविता लिहिली.

ग्र्यूनचं नाव गाजलं ते १८३१ साली. 'एका व्हिएन्नी कवीचे फेरफटके' हा संग्रह त्याने निनावी छापला, तोही ऑस्ट्रियात नव्हे, हाम्बुर्गला, जर्मन कवी हाइनं ज्यांच्याकडे छापायचा त्याच प्रकाशकांकडे. सेन्सॉरशिप, हेर, पाद्री, सगळ्यांवर त्यात हल्ला आहे. एका कवितेत ऑस्ट्रियाचा सर्वशक्तिमान चान्सलर मेटरनिख याच्या दिवाणखान्यातली मैफल आहे. मेणबत्त्या, आरसे, नटलेल्या बायका, आणि मधोमध सगळ्यांशी गोड बोलणारा तो मुत्सद्दी. दाराशी मात्र एक साधा माणूस उभा आहे. तो म्हणजे ऑस्ट्रियाची जनता. तो अदबीने एवढंच विचारतो की मला मोकळं होण्याची मोकळीक मिळेल का.

मग १८५० मध्ये लायपझिगहून 'फोल्क्सलीडर आउस क्राइन' आलं, म्हणजे क्राइनमधली लोकगीतं, स्लोव्हेनमधून जर्मनमध्ये.

आणि तरीही १८४८ च्या वसंतात, क्रांतीच्या धामधुमीत, याच माणसाने 'माझ्या स्लोव्हेन बंधूंना' असं जाहीर पत्र लिहून त्यांना जर्मनांच्या बाजूने राहायला सांगितलं. पुढे तो व्हिएन्नात संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आला, क्राइनच्या विधिमंडळात जर्मन उदारमतवाद्यांचा पुढारी झाला, आणि स्लोव्हेनला जर्मनच्या बरोबरीचा दर्जा देण्याच्या मागणीला विरोध करत राहिला. १२ सप्टेंबर १८७६ ला तो इथे, ऑस्ट्रियातल्या ग्राट्समध्ये वारला.

दाराशी उभा असलेला माणूस ज्याने इतका नेमका रंगवला, त्याला स्वतःच्या दाराशी उभा असलेला माणूस दिसला नाही का?

दादरकर

लेख आवडला. एक शंका. हा जर्मन कवी की ऑस्ट्रियन?

अश्विनी_ग्राट्स

@दादरकर, भाषेने जर्मन, राज्याने ऑस्ट्रियन, जन्मभूमीने क्राइनचा. १८४८ मध्ये तो फ्रांकफुर्टच्या जर्मन राष्ट्रीय संसदेतही होता. त्या काळात हे तिन्ही एका माणसात सुखाने नांदत होते. भांडण १८४८ नंतर वाढलं.

निपाणीकर

मला यात कोडं दिसत नाही. गाणं आवडणं वेगळं आणि गाणाऱ्याला खुर्ची देणं वेगळं. शेतात गाणारी बाई सरदाराला गोड वाटते. तीच बाई कचेरीत येऊन "माझा अर्ज माझ्या भाषेत घ्या" म्हणाली की तिचा आवाज कर्कश होतो. आम्ही सीमाभागातले लोक. पाटी कुठल्या भाषेत आहे, सातबारा कुठल्या भाषेत मिळतो, याच्यावर माणसाचा अख्खा दिवस कसा जातो ते आम्हाला कुणी शिकवायला नको. आमची गाणी कुणी नावाजली तर बरं वाटतं, पण अर्ज परत येतो तेव्हा ते नावाजणं उपयोगाला येत नाही.

अनुवाद चांगला असेल तर वाचावा. पण त्याला स्लोव्हेनांचा मित्र म्हणू नये, एवढंच.

टकमक_टोक

धाग्याचं नाव वाचून वाटलं कुणी तरी आपल्या लावण्या जर्मनीत पळवल्या. घाबरत घाबरत उघडला. :)

म्युनिकचा_मुकुंद

निपाणीकर, तुमचा मुद्दा पोचला, पण थोडी पार्श्वभूमी मांडतो. ग्र्यून एकटा नव्हता, जर्मन कवींची ती एक जुनी वाटच होती. जर्मन विचारवंत हेर्डरने १७७८-७९ मध्ये जगभरच्या लोकगीतांचे दोन खंड काढले. त्यात 'हसनआगाची बायको' ही दक्षिण स्लाव्ह कथागीताची जर्मन रचना आहे, ती तरुण ग्योटेची. ग्योटेला मूळ भाषा येत नव्हती. एका इटालियन प्रवाशाने छापलेल्या गीतावरून आधीच झालेलं जर्मन भाषांतर त्याच्यासमोर होतं, पण कानाने त्याने चाल पकडली.

नंतर तेरेझे फॉन याकोब, 'ताल्फी' या नावाने लिहिणारी बाई. ती मूळ सर्बियन शिकली, वुक काराजिचने जमवलेली गाणी तिने १८२५-२६ मध्ये जर्मनमध्ये आणली. म्हातारा ग्योटे तिला हौसेने उत्तेजन देत होता. तेव्हा स्लाव्ह गाणी जर्मन वाचकाला नवी राहिली नव्हती, उलट त्याला त्यांची गोडी लागली होती. ग्र्यूनच्या हाताशी क्राइन होतं आणि तिथली गाणी जर्मनमध्ये फारशी कुणी आणली नव्हती. त्याने १८६४ मध्ये रॉबिन हूडची इंग्रजी कथागीतंही जर्मनमध्ये आणली. म्हणजे या माणसाला कथागीताचं वेड होतं, एका जमातीचं नव्हे. स्लोव्हेन गाण्यांवरचं प्रेम हे राजकीय वचन होतं असं आपण आत्ता वाचतो आहोत. त्याने तसं वचन कधी दिलंच नव्हतं.

वेदवती

अश्विनीताई, सुंदर विषय. मला लगेच आपल्याकडचा अ‍ॅकवर्थ आठवला. हॅरी आर्बुथनॉट अ‍ॅकवर्थ, आयसीएस, मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय त्याच्याच नावाचं. त्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत पोवाडे जमवले. मराठी संग्रह १८९१ चा, आणि १८९४ मध्ये त्याने निवडक पोवाड्यांचं इंग्रजी पद्य भाषांतर छापलं. तानाजीचा पोवाडा, अफझलखानाचा पोवाडा, हे सगळं एका इंग्रज अधिकाऱ्याने यमक जुळवत इंग्रजीत नेलं. राज्य त्याच्याच जातभाईंचं, आणि ज्यांच्या शौर्याचे हे पोवाडे त्यांना त्याच राज्याने बुडवलेलं.

तरी मी एम.ए. करताना शाळिग्रामांच्या संग्रहावाचून माझं पान हललं नाही. ती प्रत उघडली की शाहिराचा श्वास कुठे तुटतो तेही कळतं. अ‍ॅकवर्थचे हेतू काय होते याची चर्चा करायला आपल्याकडे आज पोवाडे शिल्लक आहेत, ही त्याची आणि शाळिग्रामांची कमाई.

अश्विनी_ग्राट्स

वेदवती, फार नेमकं उदाहरण. पण एक फरक मला टोचतो. अ‍ॅकवर्थ परका होता, नोकरी संपवून परत जाणारा. ग्र्यून तिथेच जन्मला. क्र्श्कोजवळच्या त्याच्या गढीभोवती हीच भाषा बोलली जात होती. परक्याकडून आपण जी अपेक्षा ठेवत नाही ती घरातल्याकडून ठेवतो.

जुनं_पुस्तक

ताई, तिथेच गाठ आहे. क्राइनमध्ये 'जर्मन' आणि 'स्लोव्हेन' ही त्या वेळी रक्ताची विभागणी नव्हती. शिकलेला माणूस जर्मन वापरायचा, मग तो कुणाच्याही पोटी जन्मलेला असो. खुद्द प्रेशेरेनने जर्मनमध्ये सुनीतं लिहिली आहेत, त्याची पत्रंही बरीचशी जर्मनमध्ये. ल्युब्लियानाचं 'इलिरिशेस ब्लाट' हे जर्मन साप्ताहिक. युलिया प्रिमित्स या व्यापाऱ्याच्या मुलीसाठी त्याने रचलेली सुप्रसिद्ध सुनीतमाला १८३४ मध्ये त्याच साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघाली, स्लोव्हेनमध्ये. चौदा सुनीतांच्या ओळींतून पंधरावं तयार होतं आणि त्या पंधराव्याच्या आद्याक्षरांतून तिचं नाव. अख्ख्या गावाने ते वाचलं आणि बोभाटा झाला.

आणि उलट दिशेचंही उदाहरण आहे. ड्रागोतिन डेझमान, जन्माने स्लोव्हेन, तरुणपणी स्लोव्हेन कविता लिहिणारा. १८६१ नंतर तो जर्मन उदारमतवाद्यांच्या गोटात गेला आणि कार्ल डेशमान म्हणून वावरला. ल्युब्लियानाच्या दलदलीतल्या प्रागैतिहासिक वस्त्या उजेडात आणणारा तोच. तेव्हा ग्र्यून सरदार होता म्हणून विरोधात गेला, एवढ्याने भागत नाही. त्या पिढीतल्या पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटत होतं की स्वातंत्र्य, कायदा, विज्ञान हे सगळं जर्मनमधून येतं, आणि स्लोव्हेनच्या मागणीमागे पाद्री उभे आहेत. समोरच्या बाजूला यानेझ ब्लाइवाइस होते, १८४३ पासून शेतकरी-कारागिरांसाठी स्लोव्हेन वृत्तपत्र चालवणारे. त्यांचं राजकारण खरोखरच सनातनी वळणाचं होतं.

निपाणीकर

@जुनं_पुस्तक, माहितीबद्दल आभार, पण युक्तिवाद ओळखीचा आहे. "तुमची भाषा मागणारे लोक मागास आहेत, म्हणून भाषा देत नाही." भाषा काय पाद्र्याची होती का? वर मुकुंदराव म्हणतात त्याने वचन दिलं नव्हतं. मान्य. पण मेटरनिखच्या दारातली ती कविता लिहिणं हेच वचन होतं. स्वातंत्र्य मागणाऱ्याने ते कुठल्या भाषेत मागावं अशी अट त्या कवितेत नाही.

म्युनिकचा_मुकुंद

हे मात्र मला खोडता येत नाही. त्या कवितेच्या कसोटीला तो उतरत नाही.

पापलेट_प्रेमी

एवढं सगळं झालं, पण गाणं एकही नाही! एखादं तरी सांगा ना ताई.

अश्विनी_ग्राट्स

@पापलेट_प्रेमी, सांगते. त्या मुलखातलं सर्वांत प्रसिद्ध कथागीत म्हणजे 'लेपा विदा', सुंदर विदा. प्रेशेरेननेही त्यावर आपली रचना केली आहे, ती मला जास्त माहीत, म्हणून तीच सांगते.

विदा समुद्राच्या काठी बाळाची दुपटी धुते आहे. एक काळा दर्यावर्दी होडी घेऊन येतो आणि विचारतो, तू पूर्वीसारखी टवटवीत का दिसत नाहीस? ती म्हणते, कशी दिसेन, घरी आजारी पोर दिवसभर रडतं आणि म्हातारा नवरा रात्रभर खोकतो. तो सांगतो, स्पेनच्या राणीला बाळासाठी दाई हवी आहे, चल. ती होडीत पाय ठेवते. होडी काठापासून सुटते आणि तिथेच तिला कळतं आपण काय केलं. पोर कुणाच्या भरवशावर टाकलं!

राणीच्या महालात ती सकाळी खिडकीत उभी राहून सूर्याला विचारते, माझं बाळ काय करतंय? सूर्य सांगतो, ते गेलं, आणि तुझा नवरा होडी घेऊन तुला शोधत फिरतोय. संध्याकाळी ती चंद्राला विचारते. ती रडते तेव्हा राणी कारण विचारते. विदा म्हणते, सोन्याचा पेला घासताना हातातून निसटून समुद्रात पडला. राणी दुसरा पेला विकत घेऊन देते, राजाकडे तिची बाजू मांडते. विदा मात्र रोज खिडकीशी जाऊन रडते.

वेदवती

सोन्याच्या पेल्याचं ते खोटं! दुःख सांगायची सोय नाही म्हणून वस्तूचं निमित्त. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत हे पदोपदी आहे. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्यात सासरी नांदणारी मुलगी आईला थेट काही सांगत नाही, वाटेवरच्या झाडाला नाही तर कावळ्याला सांगते.

कवडसा

मी बंगालीतून मराठीत कविता आणते, म्हणून अनुवादाच्या बाजूने थोडं. लोकगीत कागदावर आलं की निम्मं तिथेच गळतं, चाल जाते, घोळक्याचा आवाज जातो, पालुपद नुसतंच पुन्हा पुन्हा छापलेलं दिसतं. मग दुसऱ्या भाषेत नेताना कवीपुढे दोनच मार्ग. एक, जे उरलं ते जसंच्या तसं, खरबरीत ठेवायचं. दोन, आपल्या भाषेतल्या लोकगीताच्या घाटात नव्याने ओतायचं. मी दुसऱ्या मार्गाने जाते, कारण गायला न येणारी ओवी मला ओवी वाटत नाही. पण त्यात धोका हा की वाचकाला मूळ लोक दिसेनासे होतात, त्यांच्या जागी आपलेच लोक दिसतात.

ग्र्यूनसारख्या नावाजलेल्या कवीच्या बाबतीत मला तोच प्रश्न पडतो. जर्मन वाचकाने त्या पुस्तकात क्राइनचा शेतकरी पाहिला, की जर्मन रोमँटिक कवितेतलाच एक शेतकरी? ज्याला शेतकरी कवितेत पुरेसा भेटतो, त्याला तो कचेरीत भेटावा असं वाटत नसेल.

जुनं_पुस्तक

कवडसा, यात एक भर. ग्र्यूनच्या आधीच ही गाणी छापायला सुरुवात झाली होती, आणि ती करणारा होता एमिल कोरित्को हा पोलिश तरुण. ऑस्ट्रियन सरकारने त्याला राजकीय कारणावरून ल्युब्लियानाला हद्दपार केलं होतं. तिथे त्याने लोकांकडून गाणी मागवली, प्रेशेरेनने त्याला मदत केली. १८३९ मध्ये, पंचविशीतच, तो टायफसने गेला. त्याचा संग्रह १८३९ ते १८४४ दरम्यान पाच भागांत निघाला, स्लोव्हेनमध्येच. हद्दपार परक्याने ज्या भाषेत गाणं ऐकलं त्याच भाषेत छापलं. निपाणीकरांना हा माणूस आवडेल.

निपाणीकर

आवडला. याच्यावर वेगळा धागा काढा.

मडगावची_मीरा

थोडं अवांतर. स्लोव्हेनमधली पहिली छापील पुस्तकं जर्मन मुलखात छापली गेली होती. प्रिमोझ त्रुबार या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १५५० मध्ये धर्मप्रश्नोत्तरी आणि अंकलिपी काढली, ती ट्यूबिंगेनमध्ये. १५८४ चं दाल्मातिनचं बायबल विटेनबेर्गचं. आणि त्या मंडळींना आसरा देणाऱ्या घराण्यांत हेच आउअर्सपेर्ग होते, तुर्याकच्या किल्ल्यातले! म्हणजे ग्र्यूनच्या पूर्वजांच्या आधाराने स्लोव्हेन पुस्तक उभं राहिलं. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये आमच्या राशोलला छापलं गेलं, तेव्हा परक्या धर्मोपदेशकाने भाषेला पुस्तक देणं आम्हाला नवीन नाही. त्या पुस्तकाचं आणि त्याच्यामागच्या सत्तेचं काय करायचं हा वादही आम्हाला नवीन नाही.

अश्विनी_ग्राट्स

मीरा, हे जोडून मला कधी बघितलंच गेलं नव्हतं. तुर्याकची शाखा वेगळी, पण घराणं तेच.

त्याच्या मागे काय झालं तेही सांगते. १८८६ मध्ये ल्युब्लियानात त्याचं स्मारक उभारलं तेव्हा स्लोव्हेन तरुण रस्त्यावर उतरले, मोठी निदर्शनं झाली. १९०५ मध्ये त्याच शहरात प्रेशेरेनचा पुतळा उभा राहिला. त्याच्या डोक्यावर फांदी धरणाऱ्या वाग्देवीच्या उघड्या अंगावरून चर्चने आरडाओरडा केला. आज सगळं शहर त्या पुतळ्यापाशी भेटतं. समोरच्या रस्त्यावरच्या एका घराच्या भिंतीवर युलियाचा चेहरा कोरला आहे आणि पुतळ्याची नजर तिकडे लागलेली आहे.

टकमक_टोक

कवीला शेवटी भिंत तरी मिळाली समोरची!

दादरकर

आता अलीकडचं कुणी सांगा. आज स्लोव्हेनमधून जर्मनमध्ये कविता कोण नेतं?

म्युनिकचा_मुकुंद

@दादरकर, एकच नाव घ्यायचं तर फाब्यान हाफनर. १९६६ मध्ये क्लागेनफुर्टला जन्म, २०१६ मध्ये गेला. दक्षिण ऑस्ट्रियातल्या कॅरिंथिया प्रांतातल्या स्लोव्हेन अल्पसंख्याकांपैकी. 'इंडिगो' हा पहिला संग्रह १९८८ चा. पुढे तो दोन्ही भाषांत लिहिता राहिला. तोमाझ शालामुनसारख्या मोठ्या स्लोव्हेन कवीला त्याने जर्मनमध्ये आणलं आणि चोविसाव्या वर्षी त्याला अनुवादाचा पेत्रार्का पुरस्कार मिळाला. क्लागेनफुर्टच्या मुसिल साहित्यसंस्थेत तो नोकरीला होता. ऑस्ट्रियन लेखक पेटर हांडकेच्या लेखनातल्या स्लोव्हेन धाग्यांवर त्याचं २००८ चं जाडजूड पुस्तक आहे. हांडकेची आई त्याच भागातली स्लोव्हेन, आणि हांडकेने स्वतः कॅरिंथियातल्या स्लोव्हेन लेखक फ्लोर्यान लिपुशची कादंबरी हेल्गा म्राच्निकारसोबत १९८१ मध्ये जर्मनमध्ये आणली.

निपाणीकर, तुमच्यासाठी मुद्दाम : याच कॅरिंथियात १९७२ मध्ये दुभाषी गावपाट्या लावल्या तेव्हा जमावाने त्या उखडून टाकल्या. ऑस्ट्रियाच्या १९५५ च्या राज्यकरारात हा हक्क लिहून दिलेला होता, तरीही. १६४ गावांच्या पाट्यांवर तोडगा निघायला २०११ उजाडलं. हाफनर वाढला तो त्या वातावरणात.

निपाणीकर

एकोणचाळीस वर्षं पाटीसाठी. कळतंय.

मग अश्विनीताई, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर आता असं. ग्र्यून वाचावा, पण त्याच्याशेजारी हाफनर ठेवून वाचावा. एकाला ती भाषा भोवती ऐकू येत होती, दुसऱ्याची ती घरची होती, आणि पाटी उखडली गेली तर ती त्याच्या गावाची होती. अशा माणसाने केलेला अनुवाद मी आधी हातात घेईन. ग्र्यूनचा नंतर. पण घेईन.

कवडसा

सहमत. फक्त "आधी-नंतर" मला पटत नाही. अनुवाद कुठला आधी घ्यायचा ते कवितेने ठरवावं. ग्र्यूनचं जर्मन चांगलं वठलं असेल तर त्याच्या राजकारणाची शिक्षा त्या गाण्यातल्या बायकांना का?

अश्विनी_ग्राट्स

कवडसा, निपाणीकर, तुमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी मी आहे, आणि थोडी जास्त कवडशाकडे. गाणी त्याची नव्हतीच. ती क्राइनच्या लोकांची होती, त्यामुळे त्याच्या भाषणांनी ती बाटत नाहीत. पण अनुवादाचं श्रेय देताना त्याच्या नावापुढे 'स्लोव्हेनांचा कैवारी' वगैरे लिहिलेलं दिसलं की मी यापुढे तिथे हे सगळं लिहिणार.

पापलेट_प्रेमी

ताई, ती विदा थेट स्लोव्हेनमधून मराठीत आणा. जर्मनवरून नको.

अश्विनी_ग्राट्स

@पापलेट_प्रेमी, शिकते आहे. इथून ल्युब्लियाना जवळच आहे, शिकवणारेही मिळतात. पहिली काही कडवी जमली की याच धाग्यावर टाकते. कवडसा, चालीचं तुम्ही बघा.

कवडसा

टाका. ओवीत बसवून बघू, नाही बसली तर अभंगात.